घराची राखण आणि दप्तराची राखण
परभणी जिल्ह्यातील ग्रामपंचायतींपुढील एक प्रश्न

दसरा-दिवाळीचा सण आटोपला की परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतील अनेक गावांमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. पती आणि पत्नी मिळून एक कोयता, अशी या व्यवसायाची मोजणी असते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हे कोयते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारणपणे मार्च-एप्रिलपर्यंत, उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहतात. मागे गावात राहतात ती वृद्ध माणसे, शाळेत जाणारी काही मुले आणि दाराला लावलेले कुलूप. एखाद्या वस्तीत तर सलग अनेक घरे बंद असतात आणि दिवस मावळल्यावर त्या आळीत दिवा दिसत नाही.

घरांची राखण हा विषय सामान्यतः पोलीस खात्याचा मानला जातो. तो त्या खात्याचा आहे, यात शंका नाही. तथापि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाला जोडलेल्या ग्रामसूचीत गावाची व गावातील पिकांची राखण हाही एक विषय नमूद आहे, याचे विस्मरण होऊ नये. शिवाय अलीकडे चोरीचे स्वरूप पालटले आहे. चोरास पहारीच्या आधी माहिती लागते. कोणते घर बंद आहे, कोणाच्या खात्यात अनुदान जमा झाले, कोणाच्या नावे किती जमीन आहे, कोण म्हातारी एकटी राहते, ही माहिती पूर्वी पाळत ठेवून मिळवावी लागे. आज तीच माहिती पंचायतीच्या, शाळेच्या, सोसायटीच्या व सेवा केंद्राच्या कागदांत एकत्रित लिहिलेली असते. त्यामुळे ज्यांच्या ताब्यात हे कागद आहेत, ते अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य त्यांची इच्छा असो वा नसो, गावाचे राखणदार झालेले आहेत.

माळवदापासून पत्र्यापर्यंत

मराठवाड्यातील जुने घर हे मुळातच संरक्षणाचा विचार करून बांधलेले असे. दगडमातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, वर माळवद, पुढे दिंडी असलेला जड दरवाजा आणि आतून लावण्याचा लाकडी अडसर, अशी ही रचना होती. धान्य भिंतीतील बळदात किंवा जमिनीतील पेवात असे. या घरात शिरण्यासाठी चोराला भिंतीला भगदाड पाडावे लागे. ‘घरफोडी’ हा शब्द त्या प्रकाराची आठवण अजून जपून आहे. निजामाच्या राजवटीत प्रत्येक गावी महसुलाचे काम पाहणारा माली पाटील व बंदोबस्ताचे काम पाहणारा पोलीस पाटील असे निरनिराळे पाटील असत आणि रात्रीच्या पहाऱ्यास जागल्या असे. वंशपरंपरागत पाटीलकी पुढे गेली. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये आजचा पोलीस पाटील नेमला जातो. गावात आलेल्या संशयास्पद माणसाची खबर ठाण्यास कळविणे हे आजही त्याच्या कर्तव्यांपैकी एक कर्तव्य आहे.

घरे मात्र बदलली. विटांच्या एकेरी भिंती, पत्र्याचे छप्पर व पत्र्याचेच दार, अशी घरे आता सर्रास दिसतात. ती लवकर उभी राहतात व कमी खर्चात होतात, हे खरे. पण त्यांच्या दारांचे कोयंडे पुष्कळदा बाहेरून चार लहान स्क्रूंनी बसविलेले असतात. कुलूप कितीही भारी असले तरी चोर कुलपाला हातच लावीत नाही, तो कोयंडा उपटतो. यावरील उपाय अगदी स्वस्त आहे. कोयंडा आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवून त्याचे नट दाराच्या आतल्या बाजूला आवळावेत. मागील दाराला आतून आडवा अडसर घालावा. पत्र्यांचे हूक भिंतीवर चढून सहज सैल करता येत नाहीत ना, हे पावसाळ्यापूर्वी पाहावे. बाहेर लोंबणारे मोठे कुलूप हे घरात कोणी नसल्याची जाहिरातच असते. दारात बसणारे आतले कुलूप परवडत असेल तर ते अधिक चांगले. घरकुल योजनेत नवी घरे बांधली जात असताना लाभार्थ्यांना या गोष्टी सांगण्याचे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्यास व अभियंत्यास सहज करता येईल. दार बसल्यावर ते सांगण्यात फारसा अर्थ उरत नाही.

बंद घरांचे हंगाम

ऊसतोडीच्या सहा महिन्यांखेरीज घरे ओस पडण्याचे इतरही प्रसंग येतात. ते गावाला ठाऊक असतात, पण त्यांचा एकत्र विचार क्वचितच होतो. आषाढी वारीच्या दिवसांत अनेक कुटुंबे पंढरीच्या वाटेवर असतात. लग्नसराईत संपूर्ण घर एका दिवसासाठी परगावी जाते, आणि लग्नपत्रिकेमुळे त्या दिवसाची तारीख व वेळ सर्वांना आधीच कळलेली असते. उन्हाळ्यात परभणीचा पारा चाळिशीच्या वर गेला की माणसे गच्चीवर अथवा अंगणात झोपतात. खालची कपाटाची खोली मात्र नुसती लोटलेली असते. कृषिपंपांना रात्रपाळीत वीज असेल तेव्हा घरातील कर्ता पुरुष पाणी देण्यासाठी शेतात असतो. दिवसा वीजपुरवठा देणाऱ्या सौर वाहिनीच्या योजनेकडे केवळ शेतीच्या सोयीची योजना म्हणून पाहिले जाते. तिचा घराच्या राखणीशीही असा संबंध आहे.

शेतकऱ्याच्या घरात चोरीला जाण्याजोगे काय असते, याविषयी शहरी कल्पना अपुऱ्या आहेत. मानवत आणि सेलू या कापसाच्या बाजारपेठांचा हा जिल्हा आहे. भाव वाढेल या आशेने पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवलेला असतो, पडवीत सोयाबीनच्या थप्प्या असतात. शेतात मोटार, स्टार्टर व तांब्याची केबल असते. मोटारीवरील क्रमांक वहीत लिहून ठेवणे, तिच्यावर मालकाच्या नावाची अक्षरे कोरून घेणे आणि पोत्यांवर स्वतःची खूण करणे, हे उपाय क्षुल्लक वाटतात. परंतु चोरीचा माल पकडला गेल्यावर तो आपलाच आहे, हे सिद्ध करण्यास हीच खूण उपयोगी पडते. खूण नसल्यामुळे पकडलेला माल पोलीस ठाण्याच्या आवारात पडून राहतो.

दागिन्यांच्या बाबतीत पावती व छायाचित्र ही खूण होय. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असणे बंधनकारक झाले आहे. हा क्रमांक लिहून तो कागद दागिन्यांच्या डब्यात न ठेवता अन्यत्र ठेवावा. गावी जाताना मंगळसूत्राखेरीज इतर दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे हिताचे. पूर्वी लॉकरमधील वस्तूंची जबाबदारी बँका नाकारीत असत. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकाने ही स्थिती बदलली व १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी, दरोडा अथवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे नुकसान झाल्यास बँकेवर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत जबाबदारी टाकण्यात आली. भाडे कमी असेल तर ही भरपाईही कमीच होते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

ग्रामसुरक्षा दलाची कल्पना जुनी आहे आणि पोलीस अधिनियमात तिला आधारही आहे. एखाद्या गावात लागोपाठ दोन घरे फुटली की दल उभे राहते, बॅटऱ्या खरेदी होतात, आठ दिवस फेऱ्या होतात आणि मग थंडी वाढली की दल झोपी जाते. हा अनुभव सार्वत्रिक आहे. ज्या गावांत दल टिकते, तेथे फेरीची पाळी कागदावर ठरलेली असते आणि ती पाळी पोलीस पाटलाच्या वहीत भरली जाते. बंद घरांच्या आळीत एक पथदिवा चालू राहील एवढी काळजी पंचायतीने घेतली, तर निम्मे काम होते. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक फिरविल्यास पोलिसांची मदत मिळते. हा क्रमांक चावडीवर, शाळेच्या भिंतीवर व दुकानाच्या फळीवर रंगवून ठेवावा.

अंगठ्याची किंमत

आतापर्यंत वर्णिलेली चोरी डोळ्यांना दिसते. दार मोडलेले असते, कपाट उपसलेले असते. दुसऱ्या प्रकारच्या चोरीत घरातले भांडेही हलत नाही. पासबुक भरून आणल्यावर, आणि तेही कोणी वाचून दाखविल्यावर, ती कळते.

ग्राहक सेवा केंद्रावर आधारच्या साहाय्याने पैसे काढण्यास तीन गोष्टी पुरतात : बँकेचे नाव, आधार क्रमांक व बोटाचा ठसा. पासबुक लागत नाही, सही लागत नाही, गुप्त क्रमांक लागत नाही, फोनही लागत नाही. बँकेची शाखा वीस किलोमीटर दूर असलेल्या गावातील वृद्धेला ही सोय वरदान आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कोयता धरून व माती कालवून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा ठसा यंत्रावर पहिल्या वेळी उमटत नाही. “पुन्हा अंगठा लावा” हे वाक्य त्यांच्या कानांना सरावाचे झालेले असते. लबाड चालकास एवढे पुरेसे असते. पहिल्या ठशावर रक्कम निघालेली असताना तो व्यवहार झाला नाही असे सांगतो व दुसऱ्या ठशावर निघालेली रक्कम तेवढी हाती ठेवतो. प्रत्येक ठशागणिक छापील पावती मागणे, व्यवहार फसला असेल तर तशी पावती मागणे, आणि शिल्लक मोठ्याने वाचून घेणे, हा यावरील साधा उपाय आहे. बहुसंख्य केंद्रचालक प्रामाणिक आहेत आणि पावतीच्या आग्रहाने त्यांचेही रक्षणच होते. या चालकांच्या पडताळणीसंबंधी रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये बँकांना निर्देश दिले व ते लागू होण्याची तारीख १ जानेवारी २०२६ ठरविली.

बोटाचा ठसा हा माणसाच्या ओळखीचा पुरावा म्हणून वापरण्याची रीत आपल्या देशात जुनी आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका करारावर हाताचा छाप घेतला आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. ‘निशाणी डावा अंगठा’ ही अक्षरे त्यानंतर लक्षावधी कागदांवर उमटली. कागद माणसाला लुटू शकतो, याची जाणीव शेतकऱ्याला त्याही पूर्वीपासून होती. १८७५ साली पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील रयतेने सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा तिचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. आज अडचण अशी की, पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

तेलंगणात २०१८ साली उघडकीस आलेले प्रकरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथील एका सीमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील जमिनीच्या खरेदीखतांवरून लोकांचे ठसे उतरविले, त्यांचे रबरी शिक्के केले आणि त्यांवर हजारो सीमकार्डे चालू केली. दस्तऐवज लोकांच्या सोयीसाठी खुले केले होते. त्यांवरील ठसे झाकण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नव्हते. खोटा ठसा ओळखता यावा म्हणून आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये नवी तपासणीपद्धती लागू केली. तरीही ठसा जपून वापरण्याची आवश्यकता संपलेली नाही.

बोटाचा ठसा कुलूपबंद करण्याची सोय आधार प्राधिकरणाने दिली आहे. संकेतस्थळावरून अथवा प्राधिकरणाच्या मोबाइल ॲपवरून ती वापरता येते व माहितीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. निवृत्त शिक्षकाने वा नोकरदाराने ही सोय अवश्य वापरावी. ऊसतोड मजुराला मात्र तसा सरसकट सल्ला देता येत नाही. त्याला फडाजवळच्या रास्त भाव दुकानात अंगठ्यावरच धान्य मिळते, आणि ठसा कुलूपबंद असेल तर त्या दिवसाची चूल पेटण्याची पंचाईत होते. अशा कुटुंबाने आधारवरून पैसे काढण्याची सोय खात्यावर हवी की नको, याची बँकेत विचारणा करावी व खात्याशी जोडलेला फोन क्रमांक चालू ठेवावा. हंगामात फोनचे रिचार्ज संपून क्रमांक बंद पडतो, बँकेचा संदेश येत नाही आणि चोरीची खबर एप्रिलमध्ये लागते, असा हा क्रम आहे.

यादी कोणासाठी?

ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याची पद्धत २०२१ पासून सुरू झाली. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावे स्थापन झालेल्या कल्याण महामंडळाच्या योजना मजुरांपर्यंत पोहोचाव्यात, हा तिचा हेतू. शाळाही हंगामी वसतिगृहासाठी स्थलांतरित पालकांच्या मुलांची यादी करते. या याद्या करणे आवश्यक आहे व त्या काळजीपूर्वक केल्या पाहिजेत. मात्र कोण कोणत्या महिन्यात गावाबाहेर आहे, हे सांगणारी यादी ही त्याच वेळी बंद घरांचीही यादी असते. ती चावडीच्या फलकावर चिकटविणे किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे, म्हणजे चोराचे पाळत ठेवण्याचे श्रम वाचविण्यासारखे आहे. ती पोलीस पाटलास द्यावी, बीट अंमलदारास द्यावी. गटावर टाकू नये.

लाभार्थ्यांच्या याद्यांची बाब निराळी आहे. शासकीय योजनेत कोणाला किती रक्कम मिळाली, हे गावाला कळलेच पाहिजे. ग्रामसभेचा तो अधिकार आहे आणि लपविलेली यादी भ्रष्टाचाराला आश्रय देते. तेव्हा यादी लावावी. पण तिच्यात नाव, योजना व रक्कम एवढेच असावे. आधार क्रमांक, खाते क्रमांक व मोबाइल क्रमांक हे तीन रकाने काढून टाकावेत. हे केवळ सौजन्य नव्हे. आधार अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये व्यक्तीचा आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. तरीही २०१७ साली देशातील सुमारे २१० शासकीय संकेतस्थळांवर असे क्रमांक प्रदर्शित झाल्याचे आढळले, आणि त्याच वर्षी झारखंडमध्ये दहा लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांचे क्रमांक संकेतस्थळावर उघडे पडले. त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात आणावयाचे आहेत.

दुसऱ्याच्या माहितीवर लाभ उचलण्याचे प्रकार किती साध्या रीतीने घडतात, हे पीक विम्याने दाखवून दिले. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एका रुपयात पीक विमा देण्यात येऊ लागला. सातबारा उतारा हा सार्वजनिक अभिलेख असून तो संगणकावर कोणासही पाहता येतो. त्याचा गैरफायदा घेऊन दुसऱ्याच्या, इतकेच नव्हे तर शासकीय जमिनींवरही विमा उतरविला गेल्याचे मराठवाड्यात व अन्यत्र आढळले. खरा शेतकरी अर्ज भरावयास गेला, तेव्हा त्या गटावर विमा आधीच निघालेला होता. २०२५ मध्ये एक रुपयाची ती योजना बंद झाली. लाडकी बहीण योजनेच्या पहिल्याच वर्षी, २०२४ मध्ये, सातारा जिल्ह्यात एका दांपत्याने इतर महिलांच्या आधार क्रमांकांवर सुमारे तीस अर्ज भरल्याचा आरोप झाला व पोलीस कारवाई झाली. पनवेल परिसरातील एका महिलेचा स्वतःचा अर्ज पुन:पुन्हा नामंजूर होऊ लागल्यामुळे हे प्रकरण उघडकीस आले. माहितीची चोरी झाली की नुकसान पैशांचेच होते असे नाही; हक्काची जागा आधीच कोणीतरी अडवून बसलेला असतो.

झेरॉक्स आणि रद्दी

तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात एकाच दिवशी शेकडो आधारपत्रे संगणकात घेतली जातात व तेथेच राहतात. काम झाल्यावर “माझ्यासमोर काढून टाका” असे म्हणण्यात संकोच वाटू नये. प्रत देताना तिच्यावर आडवी रेघ मारून ‘केवळ अमुक कामासाठी’ असे लिहावे, खाली तारीख घालावी. आधारपत्राची शेवटचे चारच अंक दाखविणारी प्रतही अधिकृतपणे मिळते व ती पुष्कळ कामांना चालते. मुकादमाला किंवा वाहतूकदाराला प्रत देणाऱ्या मजुराने तर हे अवश्य करावे.

शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर भरण्याचे काम शिक्षकांवर असते. वेळ अपुरा, संगणक एकच, मग “सर्व पालकांनी आधारचे फोटो गटावर टाका” असा संदेश जातो. शंभर पालकांच्या गटावर शंभर मुलांची आधारपत्रे जमा होतात आणि त्या गटात कोण कोण आहे, हे शिक्षकालाही नेमके ठाऊक नसते. त्याऐवजी कागद पाहून क्रमांक भरावा व कागद पालकास परत करावा. यास चार दिवस अधिक लागतील. वरिष्ठांनी ते द्यावेत.

कार्यालयातील जुने अर्ज व त्यांच्या जोडपत्रांच्या प्रती पुढे कोठे जातात, याचा शोध घेतल्यास मन अस्वस्थ होते. रद्दी किलोवर विकली जाते आणि भज्यांच्या पुडीवर कोणाचे तरी पासबुक वाचावयास मिळते. नाश करावयाचे कागद फाडून वा जाळून पंचनाम्यासह नष्ट करण्याची पद्धत दप्तराच्या नियमांत आहेच. ती झेरॉक्स प्रतींनाही लावावी. कपाटास कुलूप असावे व त्याची किल्ली टेबलाच्या खणात नसावी.

फोनवरील पाहुणे

या विषयावर आता पुष्कळ बोलले गेले असल्याने थोडक्यात सांगणे पुरे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. पीएम किसान, पीक विमा, लाडकी बहीण यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी ॲपची फाइल उघडू नये; तिच्यामार्फत फोनमधील संदेश दुसऱ्यास वाचता येतात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या निमित्ताने निवृत्तिवेतनधारकांना फोन येतात. कोषागार वा बँक फोनवरून ओटीपी मागत नाही. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. आयुष्यभर शिस्तीने नोकरी केलेला माणूस शासकीय भाषेतील दरडावणीस लवकर बळी पडतो, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. शासनाशी बोलताना प्रश्न विचारावयाचा असतो, ही सवय आपण नागरिकांना कितपत लावली?

चोरी झाल्यानंतर

घर फुटल्याचे दिसताच आत जाऊन आवराआवर करू नये. ठसे नाहीसे होतात. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. कोल्हापूरच्या फडावर असलेल्या पालमच्या मजुराला ही तरतूद विशेष उपयोगाची आहे. राहत्या घरातील चोरीस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत, तर दुसऱ्याची ओळख वापरून केलेल्या संगणकीय गुन्ह्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे.

खात्यातून पैसे गेले असतील तर प्रथम १९३० हा क्रमांक फिरवावा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात व तेथून तिसऱ्यात हलविली जाते. ती रोखून धरण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. त्यानंतर बँकेस लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे रक्कम गेली आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तक्रार केली, तर त्याचे दायित्व शून्य राहते. ओटीपी वा पिन स्वतःच सांगितला असेल, तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. म्हणूनच लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणे सर्वांत महाग पडते. फोन हरवल्यास संचार साथी या संकेतस्थळावर तो बंद करता येतो. आपल्या नावे किती सीमकार्डे चालू आहेत, तेही तेथे समजते.

ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतल्यावर एप्रिल-मे महिन्यांत ग्रामपंचायतीने एक दिवस यासाठी ठेवण्यास हरकत नाही. त्या दिवशी बँकेच्या प्रतिनिधीने पासबुके भरून द्यावीत, शिक्षकाने ती मजुरांना वाचून दाखवावीत, प्रत्येकाच्या नावावरील सीमकार्डांची संख्या पाहावी, सातबारावर व विम्याच्या अर्जात परकी नोंद नाही ना, हे ग्राम महसूल अधिकाऱ्याने तपासावे. खरिपाच्या पीक विम्याचे अर्ज सुरू होण्यापूर्वी हे काम उरकले, तर चूक आढळल्यास दुरुस्तीला अवधी मिळतो.